न भेटलेल्यांची वंशवेल

"यंत्र कधी चुकतं का, तेवढंच सांग मला."

अवधूतनं हे विचारलं तेव्हा सानिकाच्या पायातली चप्पलही अजून निघाली नव्हती. तो सोप्यात उभा होता. हातात नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची चिठ्ठी. मागं स्वयंपाकघराच्या दारात आई पदर तोंडाला लावून उभी. चिठ्ठीत काय आहे ते सानिकाला वाचायची गरज नव्हती. सकाळी ती तिच्याच टेबलावरून छापून निघाली होती.

"रुग्ण क्रमांक एकतीस," अवधूत मोठ्यानं वाचू लागला. "स्त्री, वय बत्तीस, दिवसपाळी. संसर्गाचा स्रोत : रुग्ण क्रमांक सतरा, पुरुष, वय पस्तीस, रात्रपाळी. काळ : चार ते सात फेब्रुवारी."

"दादा, हळू वाच की. दार उघडं आहे."

"राहू दे उघडं! गल्लीला काय ठाऊक न्हाई? एकतीस म्हंजे माझी बायको. आणि सतरा म्हंजे बाहुबली चौगुले. त्यांच्या कारखान्यात पहिला तोच पडला. नावं खोडून नंबर घातले म्हणून काय लपतंय व्हय कोष्टगावात?"

सानिकानं चप्पल काढली. चिठ्ठीवर नाव नसतं, कारण कायदा तसा आहे. आणि चिठ्ठी द्यावीच लागते, कारण आपल्याला रोग कुठून आला हे जाणून घ्यायचा प्रत्येकाला हक्क आहे, हाही कायदाच आहे. हे दोन्ही कायदे करणाऱ्यांनी बहुतेक मोठ्या शहरात जन्म काढला असावा.

"वीस जानेवारीपासनं दोन पाळ्यांत तासाची सुट्टी," अवधूत बोटं मोडत होता. "सातला दिवसपाळी बाहेर, आठला रात्रपाळी आत. मधला तासभर कारखाना मोकळा. म्हंजे कारखान्यात ही दोघं भेटलीच न्हाईत. मग चार ते सातच्या मधी भेटली कुठं?"

"वहिनीच्या फोनवरही तशी भेट कुठं दिसत नाही."

"फोन घरी ठेवून बाहेर पडता येतंय की." त्यानं चिठ्ठीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "म्हणून इचारतोय. यंत्र चुकतं का?"

एखादं 'हो' सगळं निभावून नेईल, हे तिला दिसत होतं. पण सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलीच्या जिभेला एक खोड असते.

"हजारात एखाद वेळा," ती म्हणाली.

"म्हंजे न्हाईच चुकत." अवधूतनं चिठ्ठी खिशात घातली. "सुटली की तिला परस्पर रबकवीला नेऊन सोडतो, भावाकडं. पोरगी आमच्याकडं राहील."

तेवढ्यात आईच्या तोंडचा पदर खाली आला. "अरे, साप साप म्हणून भुई थोपटू नको. लगीन करून आणलीया तिला. यष्टीत इसरलेली पिशवी हाय व्हय परत करायला?"

तो बाहेर निघून गेला.

पंचगंगेकाठच्या कोष्टगावाला घटसर्प माहीतच नव्हता. बाळपणीच्या लसीनं तो हद्दपार झाला, असं सगळे धरून चालले होते. पण ती लस जंतूला अडवत नाही. जंतू जे विष सोडतो त्याला अडवते. आणि तिचा जोर दहाएक वर्षांनी ओसरतो. मोठेपणी पुन्हा सुई टोचून घेण्याची आठवण कुणाला राहते? त्यामुळे दोन हजार अडतीस साल उजाडलं तेव्हा गावात दोन तऱ्हेची माणसं होती : घशात जंतू बाळगून ठणठणीत हिंडणारी, आणि त्या विषापुढं उघडी पडलेली. जानेवारीत घशात राखाडी पडदा धरून दोघं दगावले. महिनाभरात रुग्ण एक्केचाळीस झाले, त्यांतले चौतीस विणकर. विमानतळासारख्या चकचकीत गिरण्यांतले नव्हेत, तर जुन्या शटलच्या मागांवरचे. या मागांचा पक्का बांधलेला काठ नव्या मागांना जमत नाही, आणि परदेशात त्या काठाचं खूळ आल्यामुळं भंगारात निघालेले माग कोष्टगावात पुन्हा धडधडू लागले होते.

अशा वेळी 'वंशवेल' गावात आली होती. दिसायला ती शिवणयंत्राएवढी पेटी. तिचं काम सानिका शाळेतल्या मुलांना असं समजावून सांगायची : एका माणसाच्या घशातले लाखो जंतू अगदी एकसारखे नसतात. मिश्र धान्याच्या पोत्यासारखं असतं ते. बरीचशी ज्वारी, थोडा मूग, क्वचित एखादा तांबडा हुलगा. त्याच्याकडून दुसऱ्याला संसर्ग होतो तेव्हा पोतं जात नाही, चिमूटभर धान्य जातं. त्या चिमटीत जर तोच दुर्मीळ हुलगा सापडला, तर ती कोणत्या पोत्यातली हे कळतं. पोत्यात वाण जास्त, चिमटीत कमी. म्हणून कोणाकडून कोणाकडे गेलं तेही कळतं. आणि चिमूट वाढून त्यात नवे वाण किती निपजले यावरून कधी गेलं तेही. पूर्वी एकेका जंतूची अशी ओळख पटवायला महिने लागत. वंशवेल चार तासांत लाखभर जंतू एकेक करून वाचते आणि पडद्यावर बाण काढते.

बाण दोन प्रकारचे असत. ज्यांची गाठभेट फोनवरून किंवा चौकशीतून सिद्ध होई, त्यांच्यात सरळ रेषा. जे भेटल्याचं कुठंच दिसत नसे, त्यांच्यात तुटक रेषा. तुटक रेषांचा अर्थ खात्यात सगळ्यांना पाठ होता. आरोग्य अधिकारी डॉ. निलोफर जमादार तो एका वाक्यात सांगायच्या : "माणसं खोटं बोलतात, सानिका. क्षयाच्या साथीत एकजण छातीवर हात ठेवून म्हणाला, मॅडम, मी कुणाकडंच जात नाही. त्याचे पत्त्यांचे तीन अड्डे आणि एक वेगळंच बिऱ्हाड निघालं."

रेश्मावहिनी आणि बाहुबली यांच्यात तुटक रेषा होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सानिका विलगीकरणाच्या शाळेत गेली. चौथीच्या वर्गात बाकं सारून खाटा टाकल्या होत्या. रेश्मा खिडकीजवळच्या खाटेवर मांडी घालून बसली होती. तिला ताप नव्हता, घसा दुखत नव्हता. नुसते जंतू होते.

"आलीस? ये, पर लांबच बस. तुझ्या भावानं भरपूर ऐकवलंय फोनवर. आता तुझी पाळी."

"वहिनी, मी काही ऐकवायला नाही आले."

"मग?"

सानिकानं मुखपट्टी नीट केली. "हे बघ, मला खरं सांगितलंस तर ते माझ्याजवळच राहील. चार ते सात तारखेच्या दरम्यान कुठं, अगदी दोन मिनिटं, रस्त्यात, दुकानात..."

रेश्मानं तिच्याकडं असं पाहिलं की पुढचे शब्द सानिकाच्या तोंडातच राहिले.

"बाहुबलीचं तोंड मी पाळीला सुट्टी लागल्यापासनं बघितलेलं न्हाई. त्याच्या आधीबी काय बोलायची मी त्याच्याशी? 'चौदा नंबरचा पट्टा सैल झालाय, जॉबरला सांग.' बास. हेच बोलणं." तिचा आवाज चढला नाही, पण बाजूच्या खाटेवरची बाई कूस बदलून ऐकायला वळली. "त्याचं लगीन ठरत आलेलं, ठाऊक हाय? निपाणीची पोरगी. चिठ्ठीचं कळल्यावर काल मोडलं. त्याच्या घशात नळी घातलीया, त्याला अजून कुणी सांगितलंबी न्हाई."

सानिका जायला उठली.

"तुला काय वाटतं गं?" रेश्मानं विचारलं. "शिकलेली हाईस. तुला काय वाटतं?"

"यंत्र सांगतंय की..."

"यंत्राचं न्हाई इचारलं."

सानिका उत्तर न देताच निघाली. जिना उतरताना तिला कळलं की उत्तर न देणं हेच तिचं उत्तर झालं होतं.

ऑफिसात आल्यावर तिनं एकतीस क्रमांकाचा नमुना पडद्यावर उघडला. कोपऱ्यात एक बटण होतं : 'नमुना दूषित'. ते दाबलं की बाण पुसला जातो आणि घरी नवी चिठ्ठी जाते : आधीचा अहवाल रद्द समजावा. दाबायचा अधिकार तिला होता. कारण विचारणारं कुणी नव्हतं. दादा शांत झाला असता, वहिनी घरी आली असती, निपाणीची सोयरीकही जुळली असती कदाचित.

ती बराच वेळ त्या बटणाकडं बघत राहिली. मग तिनं हात मांडीवर घेतला. नमुना दूषित नव्हता. तिनं स्वतः घेतला होता, स्वतः तपासला होता. सतरा क्रमांकाच्या पोत्यातला दुर्मीळातला दुर्मीळ वाण एकतीसच्या चिमटीत होता. हा बाण पुसला तर एक माणूस सुटेल. पण जंतू ज्या वाटेनं गेला ती वाट तशीच उघडी राहील, आणि उद्या तीच वाट दुसऱ्या कुणाच्या घशाकडं जाईल. आजच सहा नवे रुग्ण आले होते, तेही मुखपट्ट्या, तासाची सुट्टी, फवारणी हे सगळं चालू असताना.

त्याच संध्याकाळी घरच्यांचे अहवाल आले. रेश्मा सापडली त्या दिवशी आई, अवधूत, मुलगी आणि सानिका स्वतः, सगळ्यांच्या घशाचे नमुने घेतले होते. बायका तिघीही स्वच्छ. अवधूतच्या घशात जंतू होते. सानिकाला त्यात नवल वाटलं नाही. नवराबायको, एकाच घरात राहणारी. बाण वहिनीकडून येणार हे गृहीत धरून तिनं पडदा खाली सरकवला, आणि थबकली.

बाण रेश्माकडून आलेला नव्हताच. तो नऊ क्रमांकाकडून आला होता. आणि रेषा तुटक होती.

"नऊ म्हंजे कोण?" अवधूतनं विचारलं. शाळेत न्यायला गाडी यायची होती, तो पिशवीत टॉवेल भरत होता.

"नावं सांगता येत नाहीत. पुरुष, एकसष्ट वर्षं. तुझ्याच कारखान्यातला, रात्रपाळी."

"मल्लूआण्णा?" तो खो खो हसला. "अगं, त्या म्हाताऱ्याला मी म्हयनाभर बघितलेला न्हाई! मी आत जातो तवा तो घरी झोपलेला असतोय. मशीनला काय कळतंय? डबडं ते!"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काल तर म्हणत हुतास, द्येव खोटं बोलंल पर मशीन बोलणार न्हाई."

"ते येगळं."

"येगळं कसं? तुझी बायकू सांगती, भेटलो न्हाई. तर मशीन खरं. तू सांगतोस, भेटलो न्हाई. तर मशीन डबडं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मग खरं सांग की बाबा. त्या म्हाताऱ्याला चोरून कुठं भेटत हुतास?"

अवधूतनं टॉवेल पिशवीत कोंबला. कानापर्यंत लाल झाला होता तो. सानिका मात्र हसली नाही. दादा खोटं बोलत नव्हता. तो खोटं बोलायला लागला की आधी मान खाजवतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि दादाला खरं धरलं की वहिनीलाही धरावं लागत होतं. वहिनी तर कधी मान खाजवतही नव्हती. तरी सानिकानं तिला खोटं धरलं होतं, कारण तुटक रेषेचा अर्थ तिला पाठ होता.

गाडी अवधूतला घेऊन गेली, आणि ती उलट पावली ऑफिसात आली. या साथीतल्या तुटक रेषा तिनं पहिल्यांदाच सगळ्या एकत्र कागदावर उतरवल्या. चौदा होत्या. प्रत्येकीच्या एका टोकाला दिवसपाळी, दुसऱ्या टोकाला रात्रपाळी. प्रत्येक जोडी एकाच कारखान्यातली. मग तिनं मालकांकडून पाळ्यांचे तक्ते मागवले, आणि मागांचे क्रमांक जोड्यांपुढं लिहिले. रेश्मा दिवसा नऊ ते सोळा नंबरचे माग चालवायची. बाहुबली रात्री नऊ ते सोळा. अवधूत एक ते आठ, मल्लूआण्णा एक ते आठ. चौदाही जोड्यांत माग तेच होते.

ही माणसं कधी भेटली नव्हती. पण तीच लाकडं, तेच लोखंड, पाळीपाळीनं हाताळत होती.

"हात?" दुसऱ्या दिवशी जमादार मॅडम म्हणाल्या. "हात तर पाळी संपल्यावर साबणानं धुतात. कळा, खटके, दांडे पुसून घेतो आपण. शिवाय हा जंतू हातानं जातो थोडाफार, पण चौदा वेळा? तो घशातला आहे बाई. घशात जायला त्याला तोंड लागतं."

"मी जाऊन बघते."

"काय बघणार?"

"ते बघितल्यावरच कळेल, मॅडम."

अवधूतच्या कारखान्यात त्याच्या मागांवर बदली विणकर होता, विशीतला. तमण्णा जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं, सानिकाला बसायला स्टूल दिलं. तिच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला तो. ती त्याला मामा म्हणायची. आठ मागांचा गदारोळ असा, की तोंडाजवळ कान नेल्याशिवाय शब्द कळत नव्हता. ती वही मांडीवर घेऊन बसली. विणकर ज्याला ज्याला शिवतो ते ते लिहून घ्यायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

तासाभरात वहीची दोन पानं भरली. दांडा. खटका. कापड. कपाळ. कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली नळी. धोटा, म्हणजे ती कांडी पोटात घेऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडं धावणारा लाकडी मासा. कांडी चार-पाच मिनिटांत संपते. विणकर माग थांबवतो, रिकामी कांडी काढतो, भरलेली बसवतो, माग सुरू. सगळं मिळून तीन-चार सेकंद. किती सफाई! लहानपणी वडिलांचा डबा घेऊन यायची तेव्हाही ती हे असंच टक लावून बघायची. एकदा, दहादा, पन्नासदा. तिची पेन्सिल चालत होती.

आणि मग पेन्सिल थांबली.

ती उठून जॉबरच्या कानाशी गेली. "मामा, त्यानं आत्ता काय केलं?"

"कुणी?"

"त्यानं. आत्ता."

"कांडी बदलली."

"आणि नंतर?"

"माग चालू केला."

"मधे काय केलं?"

तमण्णानं तिच्याकडं काळजीनं पाहिलं. "मधे काय न्हाई की गं पोरी. बरी हाईस न्हवं?"

विणकरानं पुढचा माग थांबवला. कांडी बसवली. मुखपट्टी बोटानं खाली ओढली, धोट्याच्या कडेला मोहरीएवढा डोळा असतो त्याला ओठ टेकवले, आणि श्वास आत ओढला. सुताचं टोक सुळकन बाहेर आलं. मुखपट्टी वर. माग सुरू. पापणी लवावी इतक्या वेळात झालं. त्या पोराला विचारलं असतं तर त्यानंही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की आपण पाळीभर मुखपट्टी काढलेली नाही.

दिवसाला हजारभर वेळा. रात्री त्याच धोट्याला दुसरे ओठ, पुन्हा हजारभर वेळा. चौकशीच्या अर्जात तिनं स्वतः बावीस प्रश्न घातले होते : कुणाबरोबर जेवलात, कुणाचं पाणी प्यालात, कुणाची तंबाखू खाल्लीत. बावीसही प्रश्न माणसांबद्दल होते. आणि ती विणकराची मुलगी होती. बाहेरगावचा कुणी असता तर पहिल्याच मिनिटाला ओरडला असता, अहो, हे काय करता? तिनं जन्मभर बघितलं होतं, म्हणून तिला दिसलं नव्हतं.

"मामा, फवारणी करता ना तुम्ही? धोट्यांवर करता?"

"खुळी का काय! औषधानं लाकूड फुगतंय, सुतावर डाग पडतोय. फवारणीवाली पोरं आली की मी सगळ्या मागांवर प्लास्टिक टाकतो. अगदी झाकून," तमण्णा अभिमानानं म्हणाला.

तिनं सगळ्या धोट्यांच्या डोळ्यांतून कापसाच्या काड्या फिरवल्या. मग रेश्माच्या कारखान्यात गेली. तो बाहुबलीचा आजार आणि रेश्माचा अहवाल झाल्यापासून बंद होता, धोटे प्लास्टिकखाली जसेच्या तसे. जंतू मेलेले असले तरी वंशवेलीला वाचता येतात. नोंद करताना मात्र संगणक अडून बसला. वय आणि लिंग भरल्याशिवाय तो नमुना घेईना.

"वय लिही बारा वरसं," बरोबर आलेला तमण्णा म्हणाला. "सागवानी हाय, अजून बारा जाईल."

"आणि लिंग?"

"त्याला तसलं काय नसतंय. म्हणून तर टिकलंय."

चार तासांनी पडद्यावर रेषा उमटल्या. अकरा नंबरच्या मागावरच्या धोट्यात बाहुबलीच्या पोत्यातले वाण होते, जवळजवळ सगळे. त्यातली चिमूट रेश्माच्या घशात होती. सतरा आणि एकतीस यांच्यामधली तुटक रेषा पुसली गेली, आणि तिच्या जागी दोन सरळ रेषा आल्या. मधे लाकडाचा एक तुकडा. दोन दिवसांत चौदापैकी तेरा रेषा अशाच सरळ झाल्या. यंत्र एकदाही चुकलं नव्हतं. माणसंही खोटं बोलली नव्हती.

पडद्यासमोर उभ्या असलेल्या जमादार मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पंधरा वर्षं मी लोकांना खोटारडे म्हणत आले," त्या पुटपुटल्या, आणि लगेच फोन उचलला. "धोट्याला तोंड लावणं आजपासून बंद. सगळ्या कारखान्यांत."

हे सांगायला सानिका शाळेत जवळजवळ धावत गेली. रेश्मानं सगळं, अगदी त्या न दाबलेल्या बटणासकट, ऐकून घेतलं. मधे एकदा ओठांवरून बोट फिरवलं तिनं, नकळत. सानिकाला वाटलं होतं, ती रडेल, हसेल, निदान सुटल्याचा श्वास टाकेल.

"म्हंजे तुझ्या यंत्रानं मला सोडवलं," रेश्मा म्हणाली.

"हो!"

"आणि यंत्र बोललं नसतं तर?"

सानिकानं मान खाली घातली. "चुकलं माझं, वहिनी. तू सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हते."

"व्हय. चुकलं." रेश्मा म्हणाली. "पर परत आलीस बघायला. बटण दाबून मोकळी झाली असतीस तर मी कायमची तुझ्या उपकारात राहिले असते. ते नको हुतं मला." आणि मग, जणू तो विषय संपला, तशी ती सरसावून बसली. "आता मला सांग, तोंड लावायचं न्हाई तर सूत ओढायचं कशानं?"

"तारेचा आकडा वापरा म्हणून हुकूम निघालाय."

"हुकूम काढणाऱ्यानं कधी आकड्यानं सूत ओढलंय? बारा सेकंद लागतात. आठ माग हायेत. एकाशी झटापट करेपर्यंत दुसरे दोन थांबतात. दोन दिवस ऐकतील लोक, तिसऱ्या दिवशी परत तोंड." ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "मला एक कोरा धोटा आण. कांड्या आण पन्नासेक. आणि तमण्णामामाला सांग, सायकलच्या स्पोकची तार घासून बारीक आकडे करून द्या. चार तऱ्हेचे."

त्यानंतरचा आठवडा सानिका पुढं कैक वर्षं लोकांना सांगत राहिली. साथी आटोक्यात आणणाऱ्यांची नावं निघाली की पहिलं नाव ती रेश्मा म्हेतर सांगायची. पहिल्या दिवशी चौदा सेकंद. आकडा डोळ्यात अडकायचा, सूत तुटायचं. दुसऱ्या दिवशी रेश्मानं दोन आकडे नापास केले. तिसऱ्याचं टोक अर्ध्या तांदळाएवढं वळवून आणायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की चूक हाताची नाही, क्रमाची आहे. कांडी बसवून मग आकडा घालण्यापेक्षा, कांडी बसवता बसवताच आकडा डोळ्यातून आत न्यायचा आणि सुताचं टोक अंगठ्यानं त्याच्यावर टाकायचं. आठ सेकंद. मग पाच. खाटेवरच्या बायका मोबाइलवर वेळ लावायच्या आणि क्रिकेटच्या सामन्यासारख्या ओरडायच्या. सातव्या दिवशी तीन. तोंडाला लागतात तेवढेच. रेश्मानं एकशे वीस वेळा ओळीनं करून दाखवलं, आणि एकदाही सूत तुटलं नाही. सानिका दारात उभी राहून बघत होती. आपण चार तासांत लाख जंतू वाचणाऱ्या यंत्राचं कौतुक करत आलो, आणि ही बाई हजारदा चुकून एकदा बरोबर येईपर्यंत हलली नाही, असं काहीसं तिच्या मनात येत होतं.

दुसरा स्वॅब स्वच्छ आला आणि रेश्मा बुधवारी सकाळी सुटली. तोवर प्रत्येक कारखान्यातल्या दोघा-दोघांना शाळेच्या मैदानात बोलावलं होतं. गावातल्या सगळ्यात चपळ विणकरानं, कोऱ्या धोट्यावर, तोंड लावून वीस कांड्या बदलल्या. रेश्मानं आकड्यानं वीस बदलल्या. ती सहा सेकंद आधी उठली.  मग तो विणकर तिच्यासमोर येऊन बसला. "ताई, अंगठा कुठं धरलासा? परत दाखवा बघू."

दहा दिवसांनंतर कोष्टगावात एकही नवी तुटक रेषा उमटत नव्हती. पण ते पुढचं. त्या बुधवारी मैदान पांगल्यावर रेश्मा पुरुषांच्या वर्गाच्या खिडकीखाली गेली. सानिका तिची पिशवी घेऊन मागं थांबली. अवधूतला अजून चार दिवस राहायचं होतं. तो मघापासून गजांना धरून मैदानात बघत होता.

"झकास केलंस," तो म्हणाला.

"व्हय."

"रेश्मा, ते चिठ्ठीचं... मला काय सुचलंच न्हाई त्या वेळी." त्यानं मान खाजवली, आणि मग हात खाली घेतला. "न्हाई. सुचलं हुतं. वाईटच सुचलं. चुकलो मी."

"माझं ऱ्हाऊ द्या. मी इथं उभी हाय, माझं तोंड मला हाय." तिनं पदर खोचला. "बाहुबलीच्या गळ्यातली नळी काल काढली. अजून आवाज फुटत न्हाई त्याला. सुटलात की आधी त्याच्या आईकडं जायचं. आणि मग निपाणीला, त्या पोरीच्या बापाकडं. तुम्ही सोता. गल्लीत जेवढ्या मोठ्यानं बोलला हुता, तेवढ्याच मोठ्यानं तिथं सांगायचं."

 आतल्या खाटांवरची माणसं कान देऊन ऐकत होती.

"काय सांगू त्यास्नी?" अवधूतनं विचारलं.

"सांगा, मी मल्लूआण्णाला कधी भेटलो न्हाई."

आत कुणीतरी फिस्सकन हसलं. अवधूतलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर थांबलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी गज घट्ट धरले. "जातो," तो म्हणाला. "रविवारी सुटलो की सोमवारी निपाणी."

"मग मंगळवारी या घरी."

"आणि तू?"

"मी आज चाललेय की घरी. घर माझंच हाय ते." सानिकाच्या हातातली पिशवी तिनं काढून घेतली. "चल गं. पोरगी वाट बघत असंल."